राग आला होता, मग?

खून झाला की बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात संध्याकाळच्या आत दोन निकाल लागतात. मेलेल्याच्या घरचे म्हणतात, ठरवून मारलं. मारणाऱ्याच्या घरचे म्हणतात, रागाच्या भरात झालं, पोराच्या मनात तसं काही नव्हतं. मनात कोणीच डोकावलेलं नसतं. न्यायाधीशांनाही ते जमत नाही. म्हणून कायदा आरोपीच्या हाताकडे बघतो: हातात काय होतं, ते कुठून आणलं, वार कुठे केला.

हे बघायचं कसं, ते शिकवणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस एका अर्थी आपलेच. निमाड तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि 1956 पर्यंत बुऱ्हाणपूरची अपिलं नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. बोस तिथे न्यायमूर्ती आणि पुढे मुख्य न्यायमूर्ती होते. सर्वोच्च न्यायालयात 1958 साली त्यांनी विरसा सिंग खटल्याचा निकाल लिहिला. प्रकरण पंजाबातलं. भाल्याचा एकच वार, तो पोटात, आतडी बाहेर. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी गेला. बचावाचं म्हणणं, जीव घ्यायचा हेतू सिद्ध झालेला नाही. बोस यांनी उत्तर दिलं की तो सिद्ध करायची गरजच नाही. जखम कुठे आणि किती खोल, ते पाहा. तीच जखम करायची होती की हात चुकला, ते पाहा. मग अशी जखम सामान्यपणे जीव घ्यायला पुरेशी असते का, ते डॉक्टरांना विचारा. आरोपीला ती जीवघेणी ठरेल हे ठाऊक होतं का, हा प्रश्न उरत नाही. जन्मठेप कायम राहिली.

हा नियम फार कडक आहे असं म्हणणारे वकील आहेत. मला तो न्याय्य वाटतो. पोटात भाला खुपसायचा आणि वर ‘मला कल्पना नव्हती’ म्हणून सुटका मागायची, हे कोणत्याही समाजाने ऐकून घेऊ नये. पण त्याच निकालाची दुसरी बाजू पोलिसांनी तितकीच लक्षात ठेवावी. झटापटीत पातं भलतीकडे लागलं, मारायचं होतं दंडावर आणि माणूस मधे आला, तर तो खून ठरत नाही. 1 जुलै 2024 पासून खुनाला जुन्या दंड संहितेच्या 302 ऐवजी नव्या भारतीय न्याय संहितेचं 103 कलम लागतं आणि खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाला 105. पहिल्यात फाशी किंवा जन्मठेप. दुसऱ्यात नुसती जाणीव होती, हेतू नव्हता, असं ठरलं तर जास्तीत जास्त दहा वर्षं. एवढं अंतर एका जखमेच्या नोंदीवर ठरतं.

आता रागाचं. कायदा रागाला ओळखतो, पण त्याच्या अटी आहेत. भांडण किंवा चिथावणी अचानक हवी, आधी ठरवलेलं काही नको, समोरच्याच्या असहायतेचा फायदा नको, क्रौर्य नको. नानावटी खटला मराठी घरांत अजून सांगितला जातो, पण त्यातली मुख्य गोष्ट गाळून. नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीचे प्रियकर आहुजा यांना गोळ्या घातल्या होत्या आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं होतं. उच्च न्यायालयाने ते मानलं नाही, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाही. कारण पत्नीची कबुली ऐकल्यावर नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर आणि काडतुसं घेतली, आहुजांच्या ऑफिसात चौकशी केली आणि मग आहुजांचं घर गाठलं. मधे सुमारे तीन तास गेले, राग शांत व्हायला पुरेसे. त्या तीन तासांतला प्रत्येक थांबा त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता.

मन ठिकाणावर नव्हतं, हेही असंच सिद्ध होतं. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने 1994 मध्ये पत्नीला दगडाने मारलं. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं, कारण स्किझोफ्रेनियाच्या उपचारांचे कागद होते आणि दिवसाढवळ्या घडलेल्या त्या प्रकारानंतर त्याने पळायचा किंवा लपायचा प्रयत्नही केला नव्हता. वेडाचा बचाव आरोपीनेच सिद्ध करायचा असतो. ते कागद नसते तर तो आजारी माणूस तुरुंगातच राहिला असता.

नोंद नसली की काय होतं, ते आपल्याच शहरात घडलं आहे. 1622 च्या सुमारास कैदेतला शहजादा खुस्रो बुऱ्हाणपुरात मेला. तो होता खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या, ताब्यात. बाप जहांगीरला कळवलं गेलं की पोटशूळाने गेला. बहुतेक इतिहासकार तो खून मानतात. गादीचा वारस दूर करायचा हेतू उघड होता, ताबाही होता, पण देह कोणी तपासला नाही. चारशे वर्षांनी आपण अजून तर्कच करतो आहोत.

आज तशी सबब कोणाला नाही. सात वर्षांहून कमी नसलेल्या शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जायचं आणि चित्रण करायचं, असं फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा सांगतो. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. बुऱ्हाणपूरने पाचव्या वर्षाची वाट बघू नये. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी जखम जीव घ्यायला पुरेशी होती की नाही हे स्पष्ट लिहावं. ते लिहिलं नसेल तर सरकारी वकिलांनी साक्षीत विचारावं. आरोपीने पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीवर तपास संपवू नये, ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

आणि तुम्ही. कधी साक्षीला उभं राहायची वेळ आली तर ‘त्याला मारायचंच होतं’ असं सांगू नका, ते तुमचं मत झालं. चाकू त्याने घरून आणला की हातगाडीवरून उचलला, वार किती केले, पडलेल्यावर पुन्हा केला का, करताना काय बोलला, नंतर पळाला की पाणी आणायला धावला, एवढं सांगा. आणि उलटतपासात त्यावर ठाम राहा.