रनिंग किती आहे जी?

प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत एका मावशींचा गुडघा बदलायचं ठरलं. धीर द्यायला सगळे गेले, तसे गल्लीतले एक गृहस्थही गेले. डॉक्टर कोण, खर्च किती, पोरगा अमेरिकेहून येणार का, असं काय काय लोकांनी विचारलं. यांनी खुर्ची पुढे ओढली, शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली आणि मावशींना विचारलं, "रनिंग किती आहे जी?"

मावशी नुसत्याच बघत राहिल्या.

"म्हणजे दिवसाचं चालणं किती होते? देवघर ते ओटा, ओटा ते गॅलरी. मंदिरात जाता का रोज? नाही ना? मग एवढा महागाचा गुडघा तुम्हाले फिटत नाही. पट्टा बांधा, गोळी घ्या. रनिंग असतं तर गोष्ट वेगळी."

मावशींनी गुडघा बदललाच. पण त्या दिवसापासून या गृहस्थांचं खरं नाव गल्ली विसरली आणि ते रनिंगभाऊ झाले. तुमच्याकडे त्यांचं नाव दुसरं असेल, माणूस तोच. घरात गाडी घ्यायचा विषय निघाला की सकाळच्या चहाला न बोलावता येतो तो.

भाच्याच्या लग्नात शेरवानी खरेदी सुरू होती. अठरा हजारांच्या शेरवानीला हात लावून यांनी दुकानदारालाच विचारलं, "रनिंग किती याचं? एकदा घालणार. मग भाड्यानं आणा." नवरदेव रुसला. उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी एसी घ्यायचं काढलं. नागपुरात मे महिन्यात पारा ४६ ला टेकतो, तिथे माणूस एसी घेताना कारणं देत नाही. यांनी दुपारी किती तास खोलीत बसता, वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरला पाणी किती लागते, पंपाचं वीजबिल किती, सगळं मांडलं आणि निकाल दिला की रोजचं रनिंग सहा तासांच्या खाली असेल तर कूलर. शेजाऱ्यांनी कूलर ठेवला. त्या जूनमध्ये त्यांच्या घरात यांचं नाव काढायची सोय नव्हती.

ही सगळी पुढची फळं. मूळ आजार पेट्रोल की डिझेल.

भाऊ सिव्हिल लाइन्समधल्या हिशेबाच्या एका सरकारी कचेरीत. दुसऱ्यांच्या खर्चातल्या चुका काढण्यात नोकरी गेली. त्यांचा सुवर्णकाळ २०१२ चा. पेट्रोलचे भाव सरकारने २०१० च्या जूनमध्ये मोकळे केले होते, डिझेल मात्र अजून सरकारच्या पदराखाली होतं. लिटरमागे ३० रुपयांच्या आसपास दरी. मूळचं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन तेव्हा स्विफ्टमध्येही होतं, पुंटोतही आणि इंडिका व्हिस्टातही, आणि ज्याला त्याला डिझेल हवं होतं. अशा वेळी भाऊ डायरी उघडायचे. पेट्रोल ७५ रुपये, शहरात लिटरला १५ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे किलोमीटरला ५. डिझेल ४५, अ‍ॅव्हरेज १८, म्हणजे अडीच. डिझेलची गाडी लाखाने महाग. लाखाला अडीचने भागा, ४०,००० किलोमीटर. तिथून पुढे फायदा.

"रनिंग किती आहे जी?"

"दिवसाला बारा किलोमीटर."

"मग नऊ वर्षं लागतात. तोवर गाडीही म्हातारी, तुम्हीही. पेट्रोल घ्या."

गणितात खोट नव्हती, हे कबूल करावं लागतं. अर्ध्या गल्लीने त्यांच्या डायरीवरून गाड्या घेतल्या आणि कोणी फसलं नाही. वैताग एवढाच, की गाडी घेण्यातली जी मजा असते, रंग कोणता, पोरं कुठल्या खिडकीशी बसणार, ती सगळी या भागाकारात वाहून जायची. माझ्या गाडीच्या वेळी मला लाल हवी होती. ते म्हणाले, लाल रंगाचं रनिंग काही वेगळं नसते.

मग २०१३ साली त्यांची स्वतःची पाळी आली. चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनने पोलोच्या दोन तिखट आवृत्त्या काढल्या. जीटी टीएसआय म्हणजे १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी, पायाखाली क्लच नाहीच. जीटी टीडीआय म्हणजे १.६ लिटरचं डिझेल, पाच गिअर हाताने टाकायचे. ताकद दोघींची अगदी सारखी, १०५ पीएस. टॉर्क पेट्रोलला १७५ न्यूटन-मीटर, डिझेलला २५०. आणि किंमत दोघींची आठ लाखांच्या आसपास, फरक नावापुरता.

घोळ इथे झाला. किमतीत फरकच नाही, म्हणजे भागायला लाख रुपयेच नाहीत. डिझेल पहिल्या किलोमीटरपासून स्वस्त. ज्या गणितावर माणसाने गल्लीत इज्जत कमावली ते पाच सेकंदांत सुटून मोकळं. दुसरा कोणी असता तर पेढे वाटून डिझेल बुक करता. भाऊंची झोप उडाली.

त्यांनी गणित पुन्हा अवघड करायला घेतलं. पेट्रोलला क्लच नाही, तर डाव्या पायाची किंमत धरायला नको? घर ते कचेरी या वाटेवर माटे चौक, बजाजनगर, शंकरनगर, लॉ कॉलेज चौक मिळून क्लच किती वेळा दाबावा लागतो ते त्यांनी आपल्या जुन्या मारुती ८०० मध्ये बसून मोजलं. वहिनींच्या हातात कागद-पेन्सिल, हे दाबणार, त्या रेघ ओढणार. शंकरनगरला ओळखीचं कोणी दिसलं आणि वहिनींचं लक्ष गेलं, म्हणून फेरी पुन्हा. मग सर्व्हिसिंगचा खर्च, डिझेलच्या इंजेक्टरचा धोका, विकताना काय येईल ते. टेस्ट ड्राइव्ह दोन्हींच्या घेतल्या, पुन्हा घेतल्या. शोरूममधली पोट्टी बदलली तरी यांची फाइल चालूच.

"पेट्रोल हासते," ते मला सांगत, "पण डिझेल ढकलते ना बाप्पा! दोन हजार आरपीएमवर पाठीत हात घालून ढकलते."

"मग डिझेल घ्या."

"रनिंग कुठं आहे?"

२०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचेही भाव मोकळे झाले, दरी आटायला लागली. थांबू, कुठवर येते पाहू. त्याच वर्षी टीडीआयचं इंजिन १.६ चं १.५ लिटर झालं, ताकद तीच. थांबू, नवं इंजिन आहे, दुसऱ्यांना चालवू द्या. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत फोक्सवॅगनचा डिझेलच्या धुराचा घोटाळा उघडा पडला आणि डिसेंबरात इथल्याही तीन लाखांवर गाड्या दुरुस्तीला परत बोलवायचं ठरलं. भाऊ त्या महिन्यात गल्लीतून जरा सावकाश, हात मागे बांधून चालत. २०१६ ला नोटाबंदी, थांबू. २०१७ ला जीएसटी, थांबू. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ चे नियम लागू झाले आणि पोलोतलं डिझेल कायमचं गेलं.

आता पेट्रोल तेवढं उरलं, तेही १.० लिटरचं, तीन सिलिंडरचं. मी म्हटलं, "भाऊ, देवानंच निवड करून दिली. घ्या आता."

"एकच उरलं तर मग निवडलं काय?"

२०२२ च्या एप्रिलमध्ये कंपनीने सातशे गाड्यांची 'लेजंड एडिशन' काढून पोलोच बंद केली. बारा वर्षं ती गाडी भारतात विकली गेली आणि त्यातली नऊ भाऊ ती घेत होते. २०२३ च्या सप्टेंबरात तर आपल्याच खासदारांनी, गडकरींनी, दिल्लीत गाड्यांच्या कंपन्यांसमोर डिझेल गाड्यांवर आणखी दहा टक्के जीएसटी लावायचं बोलून दाखवलं. शेअर घसरले, तसा काही प्रस्ताव सध्या नाही असा खुलासा त्याच दिवशी आला. पण भाऊंनी खुलाशाकडे लक्ष दिलं नाही. "घेतली असती तर?" एवढंच म्हणून ते दारोदार चहा पीत फिरले. या देशात डिझेलच्या धोरणाने भल्याभल्यांना फसवलं, कारखानदारांना फसवलं, एका माणसाला फसवू शकलं नाही. त्याने काही घेतलंच नव्हतं.

एका पावसाळ्यात ती डायरी आमच्याकडे राहिली. दुसऱ्याची डायरी वाचू नये, पण हिशेबाची डायरी म्हणजे काही डायरी नव्हे, असं मी ठरवलं. प्रत्येक वर्षाच्या पानावर दोन रकाने. एकावर 'प्रत्यक्ष'. त्यात कचेरी, भाजी, आईचा दवाखाना, वर्षाचे पाच हजार किलोमीटरही होत नव्हते. दुसऱ्यावर 'अपेक्षित'. त्यात चिखलदरा, पचमढी, हंपी. पुढे कन्याकुमारी, आपल्या नागपुरातूनच जाणाऱ्या ४४ नंबरच्या हायवेने सरळ खाली. प्रत्येक गावासमोर किलोमीटर, आणि पेट्रोलचा व डिझेलचा खर्च, पैशापर्यंत. हंपीला मुक्काम दोन रात्री, वहिनींच्या अक्षरात 'तीन' अशी दुरुस्ती.

प्रत्यक्षाला पेट्रोल पुरत होतं, डिझेल फिटत होतं ते अपेक्षिताला. पेट्रोल बुक केलं असतं तर दुसऱ्या रकान्यावर स्वतःच्या हाताने काट मारावी लागली असती, आणि डिझेल बुक करायला आई अंथरुणाला, वहिनींची शाळा, मार्चअखेरचं ऑडिट. त्या रकान्यातल्या एकाही गावाला हा माणूस गेला नव्हता. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा, ५२० किलोमीटर, ताशी १२० ची मुभा, घरापासून जवळच सुरू होतो. गाडी बंद झाली एप्रिलात, रस्ता सुरू झाला डिसेंबरात.

मी डायरी परत केली. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. माझा राग मात्र तेव्हापासून नीट टिकेना. याबद्दलही मला त्यांचा थोडा राग आहे.

आमच्या गल्लीतली पोरं पुण्याला, बंगळुरूला आणि त्याही पलीकडे. जाताना आईबाबांना एखादी उंच डिझेल गाडी घेऊन देतात, म्हणतात, आता फिरा. आईबाबा ती कव्हराखाली ठेवतात. बीएस-६ च्या डिझेल गाडीला धुराच्या नळीत डीपीएफ नावाची गाळणी असते, ती इंजिनातली काजळी अडवते. ही काजळी जाळायला नळी चांगली तापावी लागते, म्हणजे हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत गाडी पळावी लागते. कव्हराखालून निघून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जाणाऱ्या गाडीची काजळी जळत नाही, साचते. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि म्हातारा-म्हातारी तो दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात धरून पोराला दाखवतात, तिकडे मध्यरात्र असते.

असा पहिला दिवा लागला तेव्हा भाऊ नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी विचारलं, "रनिंग किती आहे जी?"

"महिन्याचं? चाळीसेक."

डायरी निघाली नाही. किल्ली मागितली, बुटीबोरीपर्यंत गाडी नेऊन आणली, दिवा विझला. तेव्हापासून गल्लीतल्या डिझेल गाड्यांचे त्यांनी वार लावून घेतले. सोमवारी कोपऱ्यावरची, गुरुवारी पिंपळाजवळची. डिझेल मालकाचं, गाडी चालवणं यांचं. मागच्या सीटवर वहिनी असतातच. मग एकदा गुडघेवाल्या मावशी म्हणाल्या, रिकामी गाडी कशाला नेता, मी बसते. बुटीबोरीला काय बघायचं, म्हणून रामटेक झालं. मग आदासा, कोराडी, एकदा पवनार. काजळी वीस मिनिटांत जळते हे मावशींना कोणी सांगितलेलं नाही. रामटेकला त्या गडमंदिराच्या पायऱ्या चढून आल्या, तर भाऊ खालीच उभे, म्हणाले, "वसूल होऊन राहिला जी तुमचा गुडघा."

आता गल्लीत दिवा लागायची वाट कोणी बघत नाही. आठवडा झाला की कोणीतरी फाटकातून हाक मारतं, "भाऊ, काजळी साचली असंल ना?"

या दिवाळीत एक अडचण आली. शेवटच्या घरात निवृत्त बाई राहतात, जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. एकट्याच असतात. मुलीने त्यांना इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली. धूर नाही, नळी नाही, गाळणी नाही. बाकीच्या गाड्या आदासाला निघाल्या की त्या फाटकाशी उभ्या राहून हात हलवायच्या.

परवा भाऊ त्यांच्या दारात गेले. मी तिथेच होतो. हा माणूस इंजिनाच्या बाबतीत दशांश चिन्हाचंही खोटं बोललेला मी कधी ऐकला नव्हता. घसा साफ करून म्हणाले, "बाई, इलेक्ट्रिकलेही महिन्यातून एकदा लांब न्यावं लागते. नाही तर मोटरीत करंट साचून बसते."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं पोरांच्या पेपरात असल्या उत्तराला त्यांनी शून्य दिलं असणार.

"हो ना," त्या म्हणाल्या, "मलाही शंका येतच होती," आणि पर्स आणायला आत गेल्या.