चार राजे आणि एक अ‍ॅव्होमिन

स्कूबा डाइव्हिंगच्या जगात एक अलिखित नियम आहे: जिथे एका विमानात पोचता येतं, तिथले मासे हलके समजायचे. मालदीवला जाऊन आलो म्हटलं की खरे डाइव्हर "हो का, छान" अशा सुरात म्हणतात, की आपणच विषय बदलतो.

माझा मेहुणा या खऱ्यांपैकी. एका रविवारी त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर अख्खा पॅसिफिक पसरला. "भावजी, जागा तीनच. च्यूक, पलाऊ, राजा अंपत. बाकी सगळा टाइमपास." त्याला स्वतःला रजा मिळणार नव्हती, त्यामुळे सल्ला देताना त्याचा हात सैल होता.

च्यूक मायक्रोनेशियात. फेब्रुवारी 1944मध्ये अमेरिकन विमानांनी तिथे नांगरलेली जपानी जहाजं दोन दिवसांत तळाला धाडली, ती अजून तिथेच आहेत. 'फुजिकावा मारू'च्या पोटात लढाऊ विमानांचे सांगाडे, 'सान फ्रान्सिस्को मारू'च्या डेकवर रणगाडे. फक्त ते रणगाडे पन्नासेक मीटर खोल, आणि माझं डाइव्हिंगचं कार्ड तीसच्या खाली जायला मनाई करतं. म्हणजे मी वीस मीटर वर तरंगत रणगाड्यांच्या दिशेने आदराने बघायचं. शिवाय मायक्रोनेशिया म्हणतो, व्हिसा नको, नुसते या. पण नेहमीची वाट गुआमवरून, गुआम अमेरिकेचं, आणि तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा. जेवणाचं आवतण खुलं, पण रस्ता पाटलाच्या वाड्यातून.

बायकोने मात्र वेगळाच मुद्दा काढला. "रजा टाकून, एवढा पैसा ओतून, भंगार बघायला जायचं?"

"ताई, इतिहास आहे तो!"

"आमच्या माळ्यावर पण आहे," ताई म्हणाली. च्यूक गेलं.

पलाऊवर मात्र माझा जीव जडला होता. तिथे ब्लू कॉर्नर नावाचं ठिकाण आहे. प्रवाह इतका जबरदस्त, की पोहण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. दोरीच्या एका टोकाचा हुक मेलेल्या प्रवाळाच्या खडकात अडकवायचा, दुसरं टोक आपल्या जॅकेटला, आणि हात हलवत लटकून राहायचं. समोरून शार्क जातात, येतात, बघून घेतात. हुक माणसाला, मासे मोकळे, आणि वर पैसे माणसाचेच: सृष्टीच्या इतिहासात माशांना इतका न्याय कुठे मिळाला नसेल. 2017पासून तर पलाऊत उतरताच पासपोर्टवर शपथेचा शिक्का मारतात. तिथल्या मुलांना उद्देशून, तुमचं बेट जपेन, असं वचन. खाली पाहुण्याची सही. रायगडाच्या पायथ्याशी असा शिक्का सुरू केला तर पहिल्याच रविवारी शाई संपेल. असो. बायकोने डॉलरला रुपयाने गुणलं आणि शपथ राहून गेली.

उरलं राजा अंपत, म्हणजे चार राजे. इंडोनेशियाच्या पूर्व भागात वायगेओ, बटांटा, सालावती आणि मिसूल ही चार मोठी बेटं. 2012मध्ये जेरी अ‍ॅलन या मत्स्यतज्ज्ञाने तिथल्या केप क्रीला एका डाइव्हमध्ये माशांच्या 374 जाती मोजल्या. मला सुरमई, पापलेट, बांगडा आणि हलवा ओळखता येतात, तेही चवीवरून.

जकार्ताहून रात्रीचं विमान सोराँगला, पुढे वायसाईपर्यंत दोन तासांची फेरी. मला बोट लागते. मांडव्याची लाँच धक्क्याला बांधलेली असली तरी लागते. अ‍ॅव्होमिन घेऊन मी जो आडवा झालो, तो वाटेतल्या जगप्रसिद्ध समुद्राचं घोरत स्वागत करत पोचलो. धक्क्यावर होमस्टेचा नावाडी उभा, तोंड लालभडक. इकडे पापुआत पानाऐवजी पानवेलीची हिरवी शेंग चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चावतात. त्याने मलाही दिली. सुपारी ओळखीची निघाली. चुन्याचं प्रमाण मात्र जहाल, आणि जेवणापर्यंत जीभ माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी केप क्री. पाण्यात उतरण्याआधी मास्कमध्ये थुंकून काच चोळायची, म्हणजे वाफ धरत नाही. बेसिनमध्ये नुसता खाकरलो तरी सुनावणारी बायको इथे मन लावून थुंकत होती. खाली गेलो आणि मोजणी सुरू केली. पिवळे, निळे, जाड ओठांचे, पट्ट्यांचे. बाराला पोचलो तोच पुढचा थवा आडवा आला आणि आधीचे कोणते ते कळेना. गाइड एका पसरट प्रवाळाखाली बोट दाखवत होता. मला दगड दिसला. मग दगडाला झालरीची दाढी दिसली, मग दाढीने जांभई दिली. वोबेगाँग शार्क! या आनंदात मी इतके श्वास घेतले, की टाकीतल्या हवेचा काटा 200 बारवरून थेट 50वर. बायकोचा अजून 110वर निवांत. तिचं प्रेक्षणीय स्थळ माझ्यामुळे अर्ध्यावर सुटलं, हे तिने वर आल्यावर नावाड्याला, गाइडला आणि एका अनोळखी जर्मन बाईला सांगितलं.

शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं. रक्तातला नायट्रोजन आधी बाहेर पडू द्यायचा. त्यामुळे परतीच्या वाटेवर सोराँगच्या हॉटेलात आम्ही नायट्रोजनची वाट पाहत बसलो होतो. तेवढ्यात मेहुण्याचा मेसेज आला: "भावजी, आता तुब्बताहा. फिलिपीन्स. मार्च ते जून एवढाच मोसम. पाहुण्यांना राहायला जमीनच नाही, सगळे दिवस बोटीवर."

मी फोन पालथा ठेवला. बायकोने तो उचलून वाचला, पर्समधून अ‍ॅव्होमिनची उरलेली स्ट्रिप काढून माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "एवढ्यात भागेल, की मुंबईहून आणखी घ्यायच्या?"