माकड अजून नदीतच आहे

कोल्हापुरात पेठ तिथं तालीम, तसा शाळा तिथं एक गोष्टवाला मास्तर. तालमीवर पाटी असते, मास्तरावर नसते. पण ओळखायला सोपा. जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या आठवड्यात ज्या वर्गातल्या पोरांच्या जिभा जांभळ्या, तो वर्ग त्याचा. माकड आणि मगरीची गोष्ट शिकवायची म्हणून हा गृहस्थ पदरच्या पैशानं किलोभर जांभळं आणतो. पुस्तकात नुसतं ‘गोड जांभळे’ छापलंय, पोरांना ‘तुरट’ कोण शिकवणार, अशी त्याची चिंता. पोरं तुरट शिकतात. सदऱ्यावरचे डाग बघून आया जे बोलतात त्यातून आणखी काही शब्द शिकतात, पण ते टाचणवहीत येत नाहीत.

पोरं त्यांना सर म्हणतात, तर आपणही सर म्हणू.

शेजारच्या वर्गात हाच पाठ दोन तासिकांत उरकतो. एकदा प्रकट वाचन, मग फळ्यावर शब्दार्थ: मैत्री म्हणजे दोस्ती, काठ म्हणजे किनारा, कपट म्हणजे लबाडी. पोरं वहीत उतरवून घेतात, शनिवारी घडाघडा म्हणून दाखवतात आणि रविवारी रंकाळ्याच्या काठावर भेळ खाताना काठ म्हणजे काय विचारलं तर वही घरी राहिल्याचं सांगतात. आमचे सर अर्थ सांगतच नाहीत. विचारतात. ‘मागचं वाक्य वाच, पुढचं वाच, मग मधल्या शब्दाला काय म्हणायचंय ते सांग.’ यात वेळ जातो. फार जातो. सोमवारी झाडावर बसलेलं माकड गुरुवारीही झाडावरच असतं.

यंदा तर पहिलीच ठेच ‘मगरीची बायको’ या दोन शब्दांना लागली.

‘सर, ती मगर आली असं वाचलं न्हवं आपण?’

‘व्हय.’

‘मग ती बाई झाली की. तिला बायको कशी?’

दुसऱ्या मास्तरानं ‘गप बस’ म्हणून गाडी पुढं काढली असती. सरांनी खडू खाली ठेवला. तासिका संपेपर्यंत घार, खार, पाल, घूस अशा तमाम प्राणिमात्रांच्या संसाराची चौकशी झाली, नर घारीला काय म्हणायचं यावर दोन बाकांत मारामारी झाली आणि शेवटी बहुमतानं मगरीच्या नवऱ्याचं नाव ‘मगरराव’ ठरलं. मूळ पंचतंत्रात त्याचं नाव करालमुख आणि माकडाचं रक्तमुख. सरांना ते ठाऊक आहे. पण मगररावांना वर्गानं निवडून दिलंय, म्हणताना त्यांनी हस्तक्षेप केला नाही.

खरी बहार आली ती ‘काळीज’ या शब्दाला. मगररावांच्या बायकोला माकडाचं काळीज खायचंय. इतर गावांत पोरं इथं हळहळत असतील. कोल्हापूरचं पोर रविवारी सकाळी बापाबरोबर मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभं राहिलेलं असतं.

‘सर, सुक्कं का रश्श्यातलं?’

सरांना राग येत नाही. या माणसाला उत्तर चुकलं की उकळ्या फुटतात, कारण पोर गोष्टीत शिरलंय याचा तो पुरावा. सुक्क्यावरून सुरू झालेली चर्चा ‘वाघाचं काळीज’, ‘काळीज तुटणं’, ‘उलट्या काळजाचा’ अशी फिरत गेली. ‘काळजाचा ठोका चुकला’चा वाक्यात उपयोग एका मुलीनं केला: ‘पुराचं पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा आजीच्या काळजाचा ठोका चुकला.’ 2019 साली पंचगंगा शहरात शिरली होती. ते ऐकून वर्ग घडीभर गप्प झाला. सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि दोन दिवस पुसू दिलं नाही.

मग चाचणी. ‘काळीज झाडावर राहिले, असे माकड का म्हणाले?’ एकानं लिहिलं, ‘नदीत फ्रिज नसतो म्हणून.’ सरांनी अर्धा गुण दिला. कारण दिलंय, म्हणाले. दुसऱ्यानं लिहिलं, ‘मगररावांनी नदीच्या मध्यात खरं सांगायलाच नको होतं. घरात नेऊन सांगायचं.’ याला पूर्ण गुण आणि उरलेली जांभळं.

हा रोग वर्गाबाहेरही चालतो. टीव्हीवर सिनेमा लागला की ऐन रंगात आवाज बंद करून ‘आता पुढं काय होईल, अंदाज सांगा,’ म्हणतात. घरात अंदाज सांगणारं आता कुणी उरलं नाही. बाईसाहेब शेजारी जाऊन बघतात. मिसळ खाताना समोरच्याला ‘झणझणीत आणि तिखट यांतला फरक वाक्यात सांगा’ म्हणून अडवतात. माणूस नाक पुसत असतो.

सरांना गप्प करावं म्हणून कुणी आकडे काढतो. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल 2005 पासून खेड्यापाड्यांतल्या घरोघरी जाऊन पोरांचं वाचन तपासतो. पाचवीच्या पोराला दुसरीचा उतारा येतो का, यावर दरवेळी देशभर हळहळ होते. सर म्हणतात, ‘तपासा की. पण उतारा वाचून पोर कुठं हसलं, तेही लिहा.’ जास्तच छेडलं तर शाहू महाराजांवर येतात. 1917 साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं; पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड. ‘महाराजांनी पोरं शाळेत आणून बसवली. गोष्टीत नेऊन बसवायचं काम आपल्याकडं दिलंय,’ असं सर म्हणतात, जणू हुकूम त्यांच्याच नावे निघाला होता. विष्णुशर्म्याचाही त्यांना हेवा वाटतो: तीन राजपुत्र, सहा महिने, आणि एकही ऑनलाइन माहिती भरायची नाही.

परवा केंद्रप्रमुख आले. पाठ कुठवर आला, विचारलं.

‘माकड नदीच्या मध्यात आहे,’ सर म्हणाले.

‘अजून?’

केंद्रप्रमुखांनी पुढच्या बाकावरच्या पोराला उठवलं. ‘या गोष्टीतून काय बोध घेतलास?’

‘गोष्ट संपल्याबिगर बोध काढायचा न्हाई, सर म्हणाल्यात.’

केंद्रप्रमुखांनी शेरेबुक मागवलं, ‘पाठ वेळेत पूर्ण करावा.’ असं लिहिलं, सही ठोकली आणि चहा न घेता गाडीला किक मारली. फटफट गल्लीबाहेर गेल्याबरोबर सरांनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं.

‘वाचा. लिहिणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय असंल?’

‘चिडल्यात, सर.’

‘वाक्यात कुठं लिहिलंय?’

‘लिहिलं न्हाई. पण पूर्णविराम पार मागच्या पानावर उमटलाय.’

सरांनी शेरेबुकाचं पान उलटून बघितलं. उमटला होता. मग त्यांनी ते बुक पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरवलं, आणि त्या दिवशीही माकड काठाला लागलं नाही.