बाहेर पाऊस आहे काय, हे शोधण्याची शास्त्रोक्त पद्धत

चालू हवामान वेब एपीआयमार्फत मागवण्यापूर्वी खिडकीचा पडदा ओढून घ्यावा. खिडकी उघडी राहिल्यास उत्तर आधीच कळते आणि पुढच्या खटाटोपात राम उरत नाही.

पहिली गरज अक्षांश-रेखांशांची. सर्व्हरला 'शनिपाराच्या अलीकडे, डावीकडचा वाडा' कळत नाही. त्याला पुण्यासाठी 18.52 आणि 73.86 हे आकडे द्यावे लागतात, तेही याच क्रमाने. क्रम उलटला तरी सर्व्हर तक्रार करत नाही. तो निमूटपणे नॉर्वेच्या उत्तरेकडील बेअर बेटाजवळच्या समुद्राचे हवामान कळवतो. ऐन मे महिन्यात पुण्याचे तापमान शून्याच्या आसपास दिसल्यास शेजाऱ्यांना सांगण्याआधी आकडे तपासावेत.

यानंतर सेवा निवडावी. ओपन-मेटिओ बिगरव्यावसायिक वापरासाठी एपीआय की मागत नाही. ओपनवेदरमॅपला ती लागते, आणि की चुकली की 401 हा आकडा तोंडावर येतो. शिवाय एकक सांगितले नाही तर तिथे तापमान केल्विनमध्ये मिळते. 303.15 वाचून घाबरू नये; 273.15 वजा करावेत, नेहमीचे तीस उरतात.

उत्तर जेसन स्वरूपात, महिरपी कंसांच्या गर्दीतून येते. ओपनवेदरमॅप त्यात वेळ सांगतो, पण 1 जानेवारी 1970 पासून उलटलेल्या सेकंदांत, आणि तीही ग्रिनिचच्या हिशेबाने. भारतीय वेळेसाठी 19,800 सेकंद मिळवावेत. ओपन-मेटिओकडून पाऊस सांकेतिक अंकांत येतो: 61 म्हणजे रिमझिम, 65 म्हणजे धो-धो, 95 म्हणजे गडगडाट. घरातल्या माणसांना 'आज पासष्ट आहे, छत्री घ्या' असे सांगून पाहण्यास हरकत नाही.

ओपन-मेटिओच्या उत्तरातला 'चालू' हा शब्द मात्र सैल हाताने घ्यावा. तो आकडा कोणी अंगणातला तापमापक पाहून पाठवलेला नसतो. संगणकी प्रारूपाने काही किलोमीटर रुंदीच्या चौकटीसाठी तो काढलेला असतो. त्या चौकटीत कोथरूड भिजत असताना कर्वे रस्ता कोरडा असू शकतो, याची प्रारूपाला फिकीर नसते.

विनंती दर सेकंदाला पाठवू नये. मर्यादा ओलांडली की 429 येतो. मिळालेले उत्तर दहा-पंधरा मिनिटे साठवून वापरावे. एवढ्या अवधीत हवामान फारसे बदलत नाही, निदान जूनपर्यंत तरी. पुढे पहिल्याच दणदणीत सरीत ब्रॉडबँड झोपते आणि विनंती अर्ध्या वाटेत अडकते. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये सोय हवीच: जोडणी तुटल्यास पडद्यावर शेवटचे साठवलेले उत्तर दिसावे. ते बहुधा 'निरभ्र' असे असते.