ऋषीचं कूळ, गुलाबाचं मूळ

१९६९ साली रोमन कॅथलिक चर्चनं आपलं पंचांग झाडायला घेतलं. शतकानुशतकं संतांचे सण एकावर एक साचत गेले होते, त्यातले काही कमी करायचे होते. या झाडझुडीत १४ फेब्रुवारीचे संत व्हॅलेंटाइन हाती लागले. चौकशी केली तर त्यांचं नाव आणि रोमबाहेर फ्लामिनिया रस्त्यावर त्यांना पुरलं एवढी माहिती सोडून खात्रीनं सांगावं असं काहीच निघेना. मग त्यांचा सण सार्वत्रिक पंचांगातून गेला. संतपद मात्र शाबूत राहिलं. हुतात्म्यांच्या यादीत नाव अजून आहे. आपल्याकडे रेशनकार्डावरून नाव कमी होतं आणि मतदार यादीत राहतं, तसंच काहीसं. आज त्या तारखेला चर्चच्या पंचांगात सिरिल आणि मेथोडियस यांचा सण आहे. नवव्या शतकात स्लाव लोकांत धर्मप्रसार करणारे हे दोघे सख्खे भाऊ, आणि दोघेही संन्यासी. म्हणजे प्रेमिकांच्या दिवसाचा सात-बारा सध्या दोन संन्याशांच्या नावे आहे. चॉकलेटच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे.

गंमत पुढेच आहे. ज्या संताला त्याच्या घरच्यांनी असं बाजूला केलं, त्याची सगळ्यात निष्ठेनं आठवण आज कोण ठेवतं? मुस्लिम धर्मपंडित. पुण्यातल्या किंवा पॅरिसमधल्या एखाद्या पोराला विचारा, व्हॅलेंटाइन कोण? तो शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे बोट दाखवील. पण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जकार्ता ते जेद्दापर्यंत कुठलाही शुक्रवारचा खुतबा, म्हणजे मशिदीतलं प्रवचन, ऐका. तिसरं शतक, रोमचा सम्राट दुसरा क्लॉडियस, तुरुंग, शिरच्छेद असं सगळं चरित्र क्रमवार सांगणारे इमाम तुम्हाला भेटतील. विरोध करायचा म्हणून का होईना, पण व्हॅलेंटाइनला संत समजून वागवणारी एवढी मोठी मंडळी आता युरोपातही उरली नसेल.

आपल्याकडे म्हण आहे, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. मूळ शोधत गेलं की हाती एखादा ओहोळ लागतो आणि मन खट्टू होतं. सणांच्या बाबतीत ही म्हण कुणी पाळत नाही. ज्याला सण आवडत नाही तो आधी त्याचं कूळ काढतो.

व्हॅलेंटाइनचं कूळ काढायला जावं तर पहिल्याच पायरीला ठेच लागते, कारण व्हॅलेंटाइन एक नाहीत. एक रोमचे धर्मगुरू, एक तेर्नी गावचे बिशप, तिसरे आफ्रिकेत मारले गेलेले. पहिले दोघे एकच असावेत असंही काही जण म्हणतात. अवशेषांचं म्हणाल तर रोममधल्या एका चर्चमध्ये फुलांनी सजवलेली कवटी आहे, तेर्नीला समाधी आहे, आणि डब्लिनच्या व्हाइटफ्रायर स्ट्रीट चर्चमध्ये १८३६ साली पोपची भेट म्हणून आलेली पेटी आहे. हे संत मधमाश्या पाळणाऱ्यांचे आणि अपस्माराच्या रुग्णांचेही रक्षणकर्ते मानले जातात. सैनिकांची लपूनछपून लग्नं लावून दिल्याची गोष्ट सगळे सांगतात, पण जुन्या कागदांत तिचा पत्ता नाही. ती फार नंतर कुणीतरी चिकटवली.

दुसरी वाट रोमन लोकांच्या लुपरकेलियाकडे जाते. १५ फेब्रुवारीचा हा उत्सव. बोकड आणि कुत्रा बळी द्यायचा, मग तरुणांनी बोकडाच्या ताज्या कातड्याचे पट्टे घेऊन अंगावर जवळजवळ काही न घालता गावातून पळायचं आणि वाटेत भेटणाऱ्या बायकांना ते पट्टे मारायचे. मूल होतं, अशी श्रद्धा. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलाशियस या प्रकारावर फार चिडला होता, हे खरं. त्यानं लुपरकेलिया मोडून त्याच्या जागी व्हॅलेंटाइनचा सण बसवला, ही मात्र पुढच्या लोकांची अटकळ. तरी फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइनविरोधी पत्रकांमध्ये हे बोकड न चुकता येतात. सणाची बदनामी करायला बोकड फार उपयोगी.

मग यात प्रेम आलं कुठून? जिओफ्री चॉसर नावाच्या इंग्रज कवीकडून, तेही १३८०च्या दशकात. त्याच्या एका दीर्घकाव्यात संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी सगळे पक्षी जोडीदार निवडायला जमतात आणि भरपूर भांडतात. त्याआधी या संताचा आणि प्रेमाचा संबंध कुणी जोडल्याचं दिसत नाही. त्यातही एका अभ्यासकाचं म्हणणं असं की इंग्लंडात भर फेब्रुवारीच्या गारठ्यात पक्षी कशाला लग्नं करतील. चॉसरच्या मनात जिनोआचे व्हॅलेंटाइन असावेत, ज्यांचा सण मे महिन्यात येतो. हे खरं असेल तर सगळं जग सहाशे वर्षं चुकीच्या महिन्यात गुलाब विकत घेतंय. मावळातल्या ज्या शेतकऱ्यांनी पॉलिहाउसमधली छाटणी फेब्रुवारीच्या हिशेबानं बसवली आहे, त्यांना हे संशोधन कुणी दाखवू नये.

तर हे असं कूळ. याच्या आधारावर धर्मपंडित काय म्हणतात? त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अबू दाऊदच्या संग्रहात दोन हदीस, म्हणजे पैगंबरांच्या आठवणी-वचनं, आहेत. एकीचा आशय असा की जो ज्या लोकांचं अनुकरण करतो तो त्यांच्यातलाच होतो. दुसरी मदिनेची आहे. मुहम्मद पैगंबर तिथं आले तेव्हा तिथल्या लोकांचे खेळण्या-बागडण्याचे दोन दिवस होते. पैगंबरांनी सांगितलं की अल्लानं त्यांच्या बदल्यात याहून चांगले दोन दिवस दिले आहेत, ईद-उल-फित्र आणि ईद-उल-अजहा. वर्षाचे सण दोन, विषय संपला. सौदी अरेबियाचे मोठे विद्वान इब्न उसैमीन यांनी याच धाग्यानं फतवा दिला होता. हा नवा काढलेला सण आहे, त्याला शरियतमध्ये आधार नाही, आणि त्यानं मन फालतू गोष्टींत गुंततं. शेवटचा मुद्दा ऐकून कॉलेजात मुलं शिकवणारा कुठल्याही धर्माचा प्राध्यापक मान डोलावेल.

सण माणसाला घडवतो, म्हणून उचलताना बघून उचलावा, हे म्हणणं मला पटतं. फक्त एक शंका राहते. उद्या व्हॅलेंटाइनचा आणि चर्चचा काडीचा संबंध नाही असं कुणी सिद्ध केलं, तर हे फतवे मागे घेतले जातील का? मला वाटत नाही. खरी काळजी आहे ती पोरगा-पोरगी संध्याकाळी कुठे बसतात याची. ती आईबापांची जुनी, प्रामाणिक काळजी आहे. तिला तिच्या नावानं हाक मारायची सोडून बिचाऱ्या हुतात्म्याला दरवर्षी साक्षीला का बोलावतात, कळत नाही.

साक्षीला बोलावलं की खटला उभा राहतोच. सौदी अरेबियात धर्मपोलीस फेब्रुवारीत दुकानांमधून हिंडायचे आणि लाल गुलाब, लाल कागद, लाल टेडी बेअर शेल्फवरून उतरवायला लावायचे. लाल रंगालाच चार-आठ दिवस भूमिगत व्हावं लागे. फुलवाले मागच्या दारानं, रात्री-अपरात्री फुलं पोचवीत. बंदीनं एका फुलाला एवढा थरार आला की खुल्या बाजारात त्याला तो कधी आलाच नसता. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेनं २००५ मध्ये या दिवसात ख्रिस्ती अंश असल्याचा निर्णय दिला, आणि २०११ मध्ये तिथं व्हॅलेंटाइनच्या सापळ्यापासून सावध राहा अशी सरकारी मोहीम निघाली, हॉटेलांवर धाडी पडल्या. पाकिस्तानचे अध्यक्ष ममनून हुसेन यांनी २०१६ मध्ये सांगितलं की या दिवसाचा आपल्या संस्कृतीशी संबंध नाही. पुढच्याच वर्षी १३ फेब्रुवारीला इस्लामाबाद उच्च न्यायालयानं सार्वजनिक ठिकाणी तो साजरा करायला बंदी घातली. तोवर बहुतेकांनी फुलं घेऊन ठेवली असणार.

आपल्या संस्कृतीत बसत नाही, हे वाक्य ऐकल्यासारखं वाटलं ना? मुंबईत शिवसैनिकांनी ग्रीटिंग कार्डांच्या होळ्या केल्या तेव्हा वाक्य हेच होतं. एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या दोन शहरांचं या मुद्द्यावर शब्दाचंही अंतर नाही.

पर्याय सुचवण्याची हौसही सारखीच. फैसलाबादच्या कृषी विद्यापीठानं २०१९ मध्ये १४ फेब्रुवारीला भगिनी दिवस करायचं ठरवलं, विद्यार्थिनींना ओढण्या भेट द्यायच्या. आपल्या प्राणी कल्याण मंडळानं २०२३ मध्ये त्याच तारखेला गाईला मिठी मारायचं आवाहन केलं आणि चार दिवसांत मागे घेतलं. गाईंचं मत कुणी विचारलं नव्हतं.

पण पर्यायांमध्ये पहिलं बक्षीस उझबेकिस्तानला. २०१२ साली तिथल्या अधिकाऱ्यांनी ठरवलं की १४ फेब्रुवारीला व्हॅलेंटाइन नको, बाबराची जयंती करा. तारीख बरोबर आहे. बाबर १४ फेब्रुवारी १४८३ रोजी अंदिजानला जन्मला. योद्धा, बादशहा, मातीतला माणूस. तरुणांपुढे आदर्श ठेवावा तर असा. फाइलवर सही करणाऱ्यानं बाबरनामा वाचला नसावा. त्यात बाबरानं स्वतःच लिहून ठेवलंय की नवं लग्न झालेलं असताना तो इतका लाजाळू होता की बायकोकडे दहा-पंधरा दिवसांतून एकदा जायचा. पुढे तर आईनं रागावून महिन्या-चाळीस दिवसांनी त्याला तिकडे पिटाळावं लागे. आणि याच सुमारास तो छावणीच्या बाजारातल्या बाबुरी नावाच्या एका मुलावर असा भाळला की समोर आल्यावर तोंडातून शब्द फुटेना, आणि एकटा असताना डोक्याला पागोटं नाही, पायांत जोडे नाहीत अशा अवस्थेत गल्ल्याबोळांतून नि बागांतून भटकायचा. वर त्यावर शेरही लिहायचा. प्रेमवीर टाळावा म्हणून ज्याला बोलावलं, तो हा असा निघाला.

इस्लामी परंपरेत प्रेमाविषयी कुणी बोललंच नाही अशी समजूत असेल, तर ती दोन्हीकडच्या आळशी लोकांची. कोर्डोबाचा इब्न हज्म हा करडा धर्मशास्त्री. अकराव्या शतकात त्यानं प्रेमाच्या खाणाखुणा, निरोपे, चुगलखोर, विरह यांवर प्रकरणं पाडून एक अख्खा ग्रंथ लिहिला. दमास्कसचा इब्न कय्यिम त्याहून मजेदार. परधर्मीयांना त्यांच्या सणाच्या शुभेच्छासुद्धा देऊ नयेत, या त्याच्या एका पुस्तकातल्या मताचा आधार आजचे व्हॅलेंटाइनविरोधी फतवे वारंवार घेतात. याच माणसानं चौदाव्या शतकात प्रेमिकांची बाग अशा नावाचा मोठा ग्रंथही लिहिलाय. फतवा देताना पहिलं पुस्तक उघडतात, दुसरं फडताळातच राहतं.

आणि बुखारीच्या हदीस-संग्रहात बरीरा आणि मुगीस आहेतच. बरीरा गुलामीतून मुक्त झाली, आणि मुक्त झालेल्या बाईला गुलाम नवऱ्याला सोडण्याचा अधिकार होता. तिनं तो वापरला. मुगीस मदिनेच्या रस्त्यांवरून तिच्या मागे रडत फिरायचा, आसवं दाढीवरून ओघळायची. हे पाहून पैगंबर आपले काका अब्बास यांना म्हणाले, याचं तिच्यावर केवढं प्रेम आणि तिचा याच्यावर केवढा राग, नवल नाही का? मग त्यांनी बरीराला परत जाण्याविषयी सुचवलं. बरीरानं विचारलं, ही आज्ञा आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त रदबदली करतोय. मग मला त्याची गरज नाही, असं सांगून ती मोकळी झाली. रडणाऱ्याला कुणी दटावलं नाही, नकार देणारीवर कुणी जबरदस्ती केली नाही. १४ फेब्रुवारीला कॉलेजच्या फाटकाबाहेर एकतर्फी प्रेमाचे जे तमाशे होतात, त्यांच्यासमोर ही हदीस कुठल्याही धर्माच्या माणसानं वाचून दाखवावी.

२०१८ हे वर्ष मग थोडं निराळं उगवलं. मक्केच्या धर्मपोलिसांचे माजी प्रमुख अहमद अल-गामदी यांनी टीव्हीवर सांगितलं की हा दिवस इस्लामच्या विरोधात नाही. राष्ट्रीय दिन किंवा मातृदिन असतो तसाच हाही माणसांनी ठरवलेला सामाजिक दिवस आहे. त्याच सुमारास इजिप्तच्या दार अल-इफ्ता या फतवे देणाऱ्या संस्थेतल्या एका अधिकारी विद्वानानंही माणसांनी एकमेकांना प्रेम दाखवायला एखादा दिवस ठरवण्यात, मर्यादा सांभाळून, काही गैर नसल्याचं म्हटलं. रियाधच्या दुकानांत गुलाब शेल्फवर परतले. आणि त्या वर्षी १४ फेब्रुवारीला चर्चचा उपवासाचा राखेचा बुधवार आला होता. मक्केचे माजी अधिकारी गुलाबाला हरकत नाही म्हणत असताना श्रद्धाळू कॅथलिक कपाळाला राख लावून बसले होते.

इजिप्तची तर याहून वेगळीच सोय आहे. तिथं मुस्तफा अमीन नावाचा नामांकित पत्रकार होता. मातृदिन इजिप्तमध्ये आणला तो त्यानं आणि त्याचा जुळा भाऊ अली यानं. राष्ट्राध्यक्ष नासरच्या राजवटीत हेरगिरीच्या आरोपाखाली तो तुरुंगात गेला आणि १९७४ मध्ये सुटला. असं सांगतात की पुढे कैरोच्या सय्यिदा झैनब भागात त्याला एक अंत्ययात्रा दिसली, मागे जेमतेम तीन माणसं. चौकशी केली तर कळलं, म्हाताऱ्याचं कुणावर प्रेम नव्हतं आणि त्याच्यावरही कुणाचं नव्हतं. अमीननं लिहून टाकलं की प्रेमाचा एक दिवस हवा, आणि तारीख दिली ४ नोव्हेंबर. ना संत, ना बोकड, ना चॉसरचे पक्षी. हा दिवस इजिप्तमध्ये अजून पाळतात, आणि १४ फेब्रुवारीही पाळतात. त्यामुळे तिथल्या नवऱ्यांना विसरायला वर्षात एक तारीख जास्त मिळते.