'आम्ही बनवलं'वाले साहेब

गुरुग्राम-नोएडा पट्ट्यात संस्थापकांची एक जात उदंड पिकते. निळा ब्लेझर, पांढरे बूट आणि मंचावर येरझाऱ्या घालत बोलायची सवय या तिच्या वरवरच्या खुणा. अस्सल खूण वेगळीच. फोनचं कौतुक झालं की साहेब 'आम्ही बनवला' म्हणतात. तोच फोन उशाशी तापला की 'व्हेंडरशी बोलणं चालू आहे.' यश घरचं आणि खोट शेनझेनची, अशी ही वाटणी. साहेबांचा दावा तपासायला मला तेवढीच पुरते: ज्या भागाचा दोष ते व्हेंडरच्या गळ्यात घालतात, त्या भागाच्या इंजिनिअरिंगचं श्रेयही व्हेंडरलाच जायला हवं.

म्हणून साहेब निव्वळ आयत्या बिळावरचे नागोबा, असंही नाही. गुरुग्रामच्या मायक्रोमॅक्सनं 2008 साली एका चार्जिंगवर 30 दिवस स्टँडबाय राहणारा फोन आणला. ज्या गावात वीज पाहुणीसारखी येते, तिथल्या माणसाला काय हवं हे चिनी कारखानदाराला स्वप्नात दिसणार नव्हतं. ते ओळखणं, भांडवल घालणं, गावोगावच्या दुकानांत माल पोचवणं हे कर्तृत्वच. 2014 च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिसच्या मोजणीप्रमाणे या कंपनीनं भारतातल्या स्मार्टफोन विक्रीत सॅमसंगलाही मागं टाकलं. पण हे श्रेय व्यापाऱ्याच्या नजरेचं. ते साहेबांना पुरत नाही. त्यांना इंजिनिअरचा फेटाही हवा असतो. या हौसेचा कळस नोएडात झाला. फेब्रुवारी 2016 मध्ये रिंगिंग बेल्सनं 251 रुपयांचा 'फ्रीडम 251' वाजतगाजत जाहीर केला. पत्रकारांच्या हाती आलेल्या नमुन्यांवर अॅडकॉम या दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरखाली झाकलेलं निघालं, आणि पडद्यावरची चिन्हं आयफोनच्या वळणाची. स्वदेशी तंत्रज्ञान म्हणावं असं त्यात काय होतं? फार तर व्हाइटनर.

इथे साहेबांचे चाहते हटकून स्टीव्ह जॉब्जला पुढे करतात: त्यानं तरी आयफोनसाठी कुठे हातात सोल्डरिंगची सळई धरली होती? नव्हती धरली. पण त्याच्या पगारी इंजिनिअरांनी आराखडे काढले आणि कारखान्यांनी त्याबरहुकूम माल केला. आमचे साहेब कारखान्याचा कॅटलॉग उघडतात, रंग निवडतात, लोगो कुठे येईल ते सांगतात. शिवाय आयफोनच्या खोक्यावर रचना कॅलिफोर्नियातली आणि जुळणी चीनमधली, हे ॲपल स्वतःच छापत आलं. उसनं तंत्रज्ञान घेण्यात कमीपणा नाही, हे तर गुरुग्रामलाच आधी कळलं होतं. 14 डिसेंबर 1983 ला तिथून निघालेली मारुती गाडी सुझुकीच्या आराखड्यावरची होती आणि ते कुणी झाकलं नाही. कंपनीच्या उभारणीतले आर. सी. भार्गव मूळचे आयएएस अधिकारी. सुट्या भागांचे पुरवठादार उभे करून त्यांना दर्जाची शिस्त लावणं हे त्या मंडळींचं काम. ते इतकं मोठं होतं की इंजिन आपणच घडवलं असं सांगायची गरज पडली नाही. साहेबांच्या खोक्यावर मात्र ब्रँड वीतभर अक्षरांत असतो, आणि कारखान्याचं नाव बारकोडशेजारी, भिंग लावलं तर दिसेल अशा बेतानं.