पोरांसाठी घेतलंय

हा गृहस्थ साताऱ्यात सदरबझारला भेटतो, तसा सांगलीत विश्रामबागलाही भेटतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी बँकेत नाहीतर कॉलेजात, डोक्यावर केस मोजके आणि हातात निन्टेन्डोचा रिमोट. विचारलं की उत्तर ठरलेलं : “पोरांसाठी घेतलंय.” पोरं आतल्या खोलीत मोबाइलवर बंदुका चालवत असतात.

हे वेड जुनं. नव्वदच्या दशकात वडिलांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ छापलेलं. खेळ निघायचे दहा-बारा, तेच फिरून फिरून. चालली नाही की कॅसेट काढून फुंकायची. ते यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. नक्कल पुढे भंगारात गेली, निष्ठा मात्र अस्सल निघाली. भडंग सांगलीचं, कंदी पेढा साताऱ्याचा आणि खेळ निन्टेन्डोचा, यात तडजोड नाही. साडूनं प्लेस्टेशन घेतलं, तेव्हापासून साडूशी बोलणं कामापुरतं.

खेळ निवडायची याची कसोटी एकच : आजी समोर बसलेली असताना खेळता आला पाहिजे. रक्त नको, शिव्या नकोत. मारिओ या परीक्षेत पहिला यायचा. पण एकदा आजीनंच हरकत घेतली. “अरे, कासवाच्या डोक्यावर पाय काय देतोस? देवळात आपण त्याला नमस्कार करतो!” यानं घाईघाईनं कंपनीचं खानदान सांगितलं : क्योटोची, १८८९ ची, आधी पत्ते बनवायची. “म्हणजे जुगारीच की!” म्हणून आजीनं जपमाळ उचलली.

पाहुणे आले की २०१७ चं स्विच कपाटातून बाहेर येतं. आधी हा स्वतः “नुसतं दाखवतो” आणि ते दाखवणं रात्री अकरापर्यंत चालतं. चुकून दुसऱ्याच्या हाती रिमोट गेलाच, तर मागून धावतं समालोचन : “उडी मार! आत्ता! गेला...” तोवर बाकीचं घर मोबाइलवर लुडो किंगला बसलेलं असतं. २०२० च्या टाळेबंदीपासूनची सवय. नवी मुंबईच्या कंपनीचा खेळ, आणि फुकट.

तेव्हा ‘सहकुटुंब’ खेळाचा हिशेब असा : नाव पोरांचं, हप्ते बायकोचे, खेळणारा बाप. तुमच्या घरी असा कुणी असेल, तर यंदा वाढदिवसाला त्याला शर्ट देऊ नका. अर्धा तास शेजारी बसा आणि मुद्दाम हरा.